लगाम सुटलेल्या पेशींचा अभ्यासक : थिओडोर बोव्हेरी

कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु शरीरातील कोट्यवधी निरोगी पेशी अशा वाढत का नाहीत, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तो ज्यांना पडला आणि ज्यांनी त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडले, ते थिओडोर बोव्हेरी हे जर्मन शास्त्रज्ञ पेशाने डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. घोड्याच्या आतड्यातील जंत आणि समुद्रात आढळणारा सी-अर्चिन हा काटेरी, चेंडूसारखा प्राणी यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळण्यात त्यांचे आयुष्य गेले. पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा तिच्या केंद्रकातच असते आणि ती नाहीशी झाली की कर्करोग उद्भवू शकतो, असा विचार त्यांनी १९१४ साली एका छोटेखानी पुस्तकातून मांडला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. असा आवर घालणारे पहिले जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागण्यास त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे जावी लागली.

इतिहासाकडून विज्ञानाकडे

थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बव्हेरियातील बाम्बर्ग या गावी झाला. वडिलांचे शिक्षण वैद्यकाचे होते. चार भावांत थिओडोर दुसरे. त्यांचे धाकटे बंधू वॉल्टर यांनी १८९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाडेन येथे चार्ल्स ब्राऊन यांच्यासह विजेची यंत्रसामग्री बनविणारी 'ब्राऊन, बोव्हेरी' ही कंपनी स्थापन केली. १९८८ मध्ये ती स्वीडनच्या 'असेआ' कंपनीत मिळाली आणि 'एबीबी' हा उद्योगसमूह उभा राहिला. नाशिकमध्ये कारखाना असलेल्या या कंपनीच्या नावातील शेवटचा 'बी' हा बोव्हेरी घराण्याचा आहे. मात्र एका भावाचे नाव जगभरच्या यंत्रांवर झळकत असताना दुसऱ्या भावाचे नाव विद्यापीठांच्या भिंतींबाहेर फारसे पोहोचले नाही.

थिओडोर म्युनिक विद्यापीठात दाखल झाले ते इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकण्यासाठी. थोड्याच काळात त्यांचे मन शरीररचनाशास्त्राकडे वळले. १८८५ मध्ये मज्जातंतूंवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर लाभलेल्या शिष्यवृत्तीमुळे पोटापाण्याची चिंता न करता काही वर्षे संशोधन करण्याची मोकळीक त्यांना मिळाली आणि रिचर्ड हर्टविग यांच्या प्रयोगशाळेत ते पेशीच्या अभ्यासाकडे वळले. संगीत आणि चित्रकला यांचीही त्यांना मनापासून आवड होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींची त्यांनी काढलेली रेखाचित्रे आजही पाठ्यपुस्तकांतून छापली जातात.

त्या काळी पेशीच्या केंद्रकातील रंग शोषणारे धागे, म्हणजेच गुणसूत्रे, नुकतीच लक्षात आली होती. पेशी दुभंगते तेव्हा ती दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. ती दर वेळी नव्याने घडतात की कायम टिकून राहतात, याविषयी एकमत नव्हते. बोव्हेरी यांनी उत्तर शोधण्यासाठी घोड्याच्या आतड्यातील जंताची अंडी निवडली. या जंताच्या पेशीत अवघी दोन किंवा चार गुणसूत्रे असतात, त्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणे सोपे जाते. पेशीविभाजन संपल्यावर गुणसूत्रे दिसेनाशी झाली तरी त्यांचे अस्तित्व संपत नाही, असे त्यांनी १८८७ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधमालेत दाखवून दिले. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या केंद्रांना 'सेंट्रोसोम' हे नावही त्यांनीच १८८८ मध्ये दिले.

यश असे पदरात पडत असतानाच, १८९० च्या सुमारास त्यांना मानसिक थकव्याच्या दीर्घ आजाराने गाठले. कित्येक महिने काम बंद राहिले. या आजारातून ते सावरले, पण प्रकृतीने त्यांना पुढे कधीच पूर्ण साथ दिली नाही. १८९३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, वुर्झबर्ग विद्यापीठाने त्यांना प्राणिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. तेथेच ते अखेरपर्यंत राहिले.

प्रयोगशाळेतील सहचारिणी

१८९६ मध्ये अमेरिकेतून एक विदुषी वुर्झबर्गला आली. तिचे नाव मार्सेला ओग्रेडी. बोस्टनची प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्था 'एमआयटी' येथून जीवशास्त्राची पदवी घेणारी ती पहिली स्त्री होती आणि व्हॅसर या महिला महाविद्यालयात अध्यापन करीत होती. वुर्झबर्गच्या विज्ञान विभागात तोवर स्त्रियांना प्रवेश नव्हता. बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत तिला काम करण्याची परवानगी मिळाली आणि १८९७ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १९०० साली त्यांना मार्गारेट ही कन्या झाली. ती पुढे जर्मनीतील नामवंत पत्रकार म्हणून ओळखली गेली.

विवाहानंतर मार्सेला यांचे प्रयोगशाळेतील काम सुटले नाही. इटलीत नेपल्स येथे आंटोन डोर्न यांनी उभारलेले समुद्री जीवशास्त्र केंद्र हे त्या काळी युरोपातील संशोधकांचे तीर्थक्षेत्रच होते. १९०१-०२ च्या हिवाळ्यात बोव्हेरी दांपत्य तेथे गेले. तेथे केलेल्या प्रयोगांतूनच पुढे कर्करोगाविषयीचा विचार निघाला.

दोन शुक्राणू, चार पेशी

सी-अर्चिनच्या अंड्यात सामान्यतः एकच शुक्राणू शिरतो. अंड्याची १८ आणि शुक्राणूची १८ मिळून ३६ गुणसूत्रे होतात आणि दुभंगणाऱ्या प्रत्येक पेशीला ३६ चा पूर्ण संच मिळतो. परंतु शुक्राणूंची संख्या वाढवली, तर काही अंड्यांत दोन शुक्राणू शिरतात. मग गुणसूत्रे होतात ५४ आणि ओढणारी केंद्रे होतात चार. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघून १०८ धागे तयार होतात आणि ते चार पेशींत कसेही वाटले जातात. कुणाच्या वाट्याला काय येईल, याचा नेम राहत नाही.

कॅल्शियम नसलेल्या समुद्रजलात ठेवले की या चार पेशी एकमेकींपासून सुट्या करता येत. बोव्हेरी यांनी तसे करून प्रत्येक पेशी वेगळी वाढवून पाहिली. निरोगी अंड्यापासून सुट्या केलेल्या चारही पेशींपासून सारखेच लहानगे गर्भ तयार होतात. येथे मात्र चार पेशींची चार तऱ्हांनी वाढ झाली. एखादी बरीच पुढे गेली, एखादी लवकरच मेली, एखादीच्या वाढीत विचित्र दोष निर्माण झाले. अंडी हलवून चाराऐवजी तीन केंद्रे राहतील, अशीही योजना त्यांनी केली. वाटणी तिघींत झाली की पूर्ण संच मिळण्याची शक्यता वाढते आणि त्या हिशेबाप्रमाणे अशा अंड्यांतून निरोगी गर्भ अधिक प्रमाणात निघाले.

१९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांचा निष्कर्ष असा की, गुणसूत्रांची केवळ संख्या पुरेशी नाही. प्रत्येक गुणसूत्राचे गुण वेगळे असतात आणि निरोगी वाढीसाठी त्या सर्वांची गरज असते. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन हा तरुण संशोधक टोळांच्या पेशींवरून तशाच निष्कर्षाला आला होता. आनुवंशिकतेचे वाहक गुणसूत्रे आहेत, हा सिद्धान्त म्हणूनच दोघांच्या नावाने ओळखला जातो. सटन यांचे गुरू एडमंड विल्सन हे बोव्हेरी यांचे जिवलग मित्र होते.

अविश्वासाची भिंत

हा निष्कर्ष मांडतानाच बोव्हेरी यांच्या मनात दुसरा एक विचार आला. चुकीची वाटणी झालेल्या बहुतेक पेशी मरतात. पण हजारांतील एखाद्या पेशीच्या वाट्याला अशी वाटणी आली की ती मरत तर नाहीच, उलट थांबण्याची आठवणच हरवून बसते, तर काय होईल? ती दुभंगतच राहील, तिच्या लेकीही तशाच निपजतील आणि त्यांची गाठ बनेल. कर्करोगाच्या गाठींत विषम विभाजने दिसतात, हे डेव्हिड हान्सेमान या विकृतिशास्त्रज्ञाने १८९० मध्येच नोंदवले होते. परंतु ती विषमता हेच रोगाचे मूळ असावे, असा धागा जोडला तो बोव्हेरी यांनी.

१९०२ च्या निबंधात त्यांनी या शक्यतेचा उल्लेख केला. या विषयातील अधिकारी मंडळींनी मात्र त्यावर विश्वास ठेवला नाही. जंतांचा आणि अंड्यांचा अभ्यासक मानवी रोगाबद्दल बोलतो, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. बोव्हेरी यांच्याकडेही गाठींवरील प्रयोगाचा पुरावा नव्हता. त्यामुळे त्यांनी हा विषय कित्येक वर्षे बाजूला ठेवला.

दरम्यान बर्लिनमध्ये नव्याने स्थापन होणाऱ्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. संस्थेची आखणी आणि सहकाऱ्यांची निवड यांत त्यांनी पुढाकार घेतला. त्यांनी निवडलेल्यांपैकी ऑटो वारबुर्ग यांना १९३१ मध्ये, तर त्यांचेच शिष्य हान्स स्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतः बोव्हेरी यांनी मात्र ढासळत्या प्रकृतीमुळे १९१३ मध्ये हे पद नाकारले. हाती थोडाच वेळ आहे, याची जाणीव त्यांना असावी. कारण त्यानंतर त्यांनी बाजूला ठेवलेला विषय पुन्हा हाती घेतला.

१९१४ चे पुस्तक

घातक अर्बुदांच्या उत्पत्तीची चर्चा करणारे त्यांचे पुस्तक १९१४ मध्ये येना येथे प्रसिद्ध झाले. त्यात पुराव्यापेक्षा तर्काचा भाग मोठा आहे आणि ते लेखकाने लपवलेले नाही. पेशीच्या ठायी वाढ रोखणारी यंत्रणा असते आणि ती काही विशिष्ट गुणसूत्रांवर अवलंबून असते. ही रोधक गुणसूत्रे गमावली गेली, तर पेशी बेलगाम होते. याउलट वाढीला चालना देणारी गुणसूत्रे गरजेपेक्षा जास्त झाली, तरी परिणाम तोच. प्रत्येक गाठीचे मूळ एकाच पेशीत असते. क्ष-किरण, काही रसायने आणि दीर्घकाळचा दाह यांमुळे रोग होतो, तो ही कारणे विभाजनाची शिस्त बिघडवतात म्हणून. काही घराण्यांत रोगाची प्रवृत्ती जन्मतःच असू शकते. अशी एकामागून एक अनुमाने त्या पुस्तकात आहेत.

पुस्तक निघाले त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. युरोपातील वैज्ञानिकांचा परस्परसंवाद तुटला. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, त्रेपन्नावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, बोव्हेरी यांचे वुर्झबर्ग येथे निधन झाले. शेवटच्या काळात ते आपल्याच तरुणपणीच्या एका गाजलेल्या प्रयोगाची फेरतपासणी करीत होते. केंद्रक काढलेल्या अंड्यांवरील त्या प्रयोगात चूक कोठे शिरली असावी, हे दाखवणारा त्यांचा निबंध मृत्यूनंतर, १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कर्करोगावरील पुस्तक विस्मृतीत जाण्याचीच शक्यता होती. मार्सेला यांनी ते होऊ दिले नाही. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी न्यू हेवन येथील अल्बर्टस मॅग्नस महाविद्यालयात विज्ञान शिक्षणाचा पाया घातला आणि १९२९ मध्ये, वयाच्या पासष्टी-सहासष्टीत, पतीच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. जर्मन न जाणणाऱ्या पुढच्या पिढ्यांपर्यंत हा विचार पोहोचला तो या अनुवादामुळे. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही तो विचार सिद्ध झालेला नव्हता.

लगाम सापडला

सिद्ध होणार तरी कसा? माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ पर्यंत निश्चित नव्हते. तोवर ती ४८ मानली जात. संख्याच जेथे चुकत होती, तेथे गाठीतील हरवलेले गुणसूत्र ओळखणार कोण? १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ठरावीक गुणसूत्राचा दोष प्रथमच आढळला. १९६९ मध्ये ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस आणि स्टॉकहोमचे जॉर्ज क्लाइन यांनी उंदराची कर्करोगी पेशी निरोगी पेशीशी जोडून पाहिली. संकरित पेशीने कर्करोगाचा स्वभाव सोडला. निरोगी पेशीकडे आवर घालणारे काहीतरी आहे, याचा हा सबळ पुरावा होता.

१९७१ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. लगामाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही निकामी झाल्या तरच गाठ होते. ज्या मुलाला एक प्रत जन्मतःच सदोष मिळाली, त्याला रोग लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो, हे त्यांनी आकडेमोडीने दाखवले. १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील ते जनुक हाती लागले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला 'आरबी' म्हणतात.

आरबी हे प्रथिन पेशीच्या वाढीवर पहारा करते. गुणसूत्रांच्या प्रती काढण्यासाठी लागणारी जनुके सुरू करणाऱ्या 'ई२एफ' या प्रथिनाला ते धरून ठेवते. वाढीचा रीतसर संदेश आला की काही विकरे आरबीवर फॉस्फेटचे कण चिकटवतात, त्याची पकड सुटते आणि पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. आरबी नाहीसे झाले तर संदेशाची वाट न पाहताच पेशी दुभंगू लागते.

दुसरे प्रथिन त्याहून प्रसिद्ध आहे. 'पी५३' हे १९७९ मध्ये सापडले, तेव्हा ते कर्करोगाला चालना देते असा समज झाला होता. ते प्रत्यक्षात रोधक आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. निरोगी पेशीत हे प्रथिन तयार होते आणि 'एमडीएम२' या दुसऱ्या प्रथिनामुळे लगेच नष्टही होते, म्हणून त्याचे प्रमाण अल्प असते. डीएनएला इजा झाली की हा नाश थांबतो आणि पी५३ साठू लागते. ते प्रथम 'पी२१' नावाच्या प्रथिनाकरवी विभाजन रोखते. आरबीची पकड त्यामुळे घट्ट राहते आणि पेशीला दुरुस्तीसाठी उसंत मिळते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर पी५३ पेशीला मृत्यूचा मार्ग दाखवते. त्याने जागी केलेली प्रथिने पेशीतील ऊर्जाकेंद्रांना छिद्रे पाडतात, तेथून निसटलेल्या द्रव्यामुळे पेशीचे तुकडे करणारी विकरे कामाला लागतात आणि शेजारच्या पेशींना धक्का न लागता सदोष पेशी संपते. एका पेशीच्या अशा शिस्तबद्ध मरणावर संपूर्ण शरीराचे आरोग्य अवलंबून असते. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी५३ चे जनुक बिघडलेले आढळते. तंबाखूशी निगडित तोंडाच्या कर्करोगातही हा बिघाड वारंवार दिसतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कथाही याच दोन प्रथिनांभोवती फिरते. या रोगास कारणीभूत ठरणाऱ्या 'एचपीव्ही' विषाणूचे एक प्रथिन पी५३ चा नाश घडवते, तर दुसरे आरबीला निकामी करते. या विषाणूपासून संरक्षण देणारी भारतीय बनावटीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणली. विषाणूला शरीरात थारा मिळू दिला नाही, तर पेशींचे दोन्ही लगाम शाबूत राहतात.

औषधशास्त्रातही या ज्ञानाचा उपयोग होऊ लागला आहे. आरबीची पकड सोडवणाऱ्या विकरांना अटकाव करणारी औषधे २०१५ पासून स्तनाच्या काही कर्करोगांत वापरली जातात. बिघडलेले पी५३ पूर्ववत करणे मात्र अवघड ठरले आहे. जे प्रथिन जादा काम करते त्याला अडवणारे औषध बनवता येते. जे हरवले आहे ते परत आणणे त्याहून कठीण असते.

मूल्यमापन

बोव्हेरी यांचे सर्वच अंदाज खरे ठरले असे नाही. त्यांचे लक्ष संपूर्ण गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीवर होते. पुष्कळदा एखाद्या जनुकातील सूक्ष्म बदलही पुरेसा असतो, हे नंतर कळले. तरीही बहुसंख्य घन गाठींतील पेशींमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते आणि तो बिघाड कारण किती व परिणाम किती, यावर संशोधन सुरू आहे. म्हणजे वुर्झबर्गच्या प्राध्यापकांनी विचारलेला मूळ प्रश्न अजून मिटलेला नाही.

१९६९ च्या प्रयोगात भागीदार असलेल्या हेन्री हॅरिस यांनी बोव्हेरी यांच्या पुस्तकाचा टिपांसह नवा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी लगामाचा पुरावा शोधला, त्यांनीच तो लगाम प्रथम कल्पिणाऱ्याचे ऋण अशा प्रकारे फेडले. पुरावा हाती नसताना विचार मांडणे धाडसाचे असते, आणि पुरावा नाही हे त्याच वेळी कबूल करणे प्रामाणिकपणाचे. बोव्हेरी यांच्या छोट्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी होत्या. म्हणूनच त्यांच्या पश्चात शंभराहून अधिक वर्षांनी कर्करोगाची औषधे शोधणाऱ्यांनाही ते वाचावेसे वाटते.